गव्हाच्या वाटेने नाशिक

कोल्हापूरच्या माणसाला नाशिक म्हटलं की द्राक्षं, गोदावरी आणि सिंहस्थ आठवतो. मी या वेळी गव्हासाठी निघाले होते. फाल्गुन अर्धा सरला होता. सिन्नरला थांबून यादवकालीन गोंदेश्वराचं दर्शन घेतलं आणि पुढे निघाले, तेव्हा दोन्ही बाजूंना मधूनमधून पिवळे पडत चाललेले गव्हाचे तुकडे दिसू लागले. आमच्याकडे या दिवसांत गुऱ्हाळांचा धूर आणि उसाच्या गाड्या यांशिवाय रस्ता दिसत नाही. इथली हवा कोरडी आणि डोळ्यांना लांबवर मोकळी होती.

गव्हाचं हे खूळ माझ्या भाचीमुळे लागलं. ती अमेरिकेत, ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडला असते. तिच्याकडे गेले असताना तिने मला विडमर बंधूंची गव्हाची बिअर प्यायला दिली. भाताच्या पेजेसारखी गढूळ, वर पांढरा फेस आणि काठावर लिंबाची फोड. त्या गढूळपणाची गोष्ट तिथे सगळ्यांना पाठ आहे. कर्ट आणि रॉब या भावांनी १९८४ मध्ये छोटीशी ब्रुअरी काढली. १९८६ मध्ये एका पबच्या मालकाने त्यांच्याकडे तिसऱ्या प्रकारची बिअर मागितली. आंबवण्याच्या टाक्या दोनच होत्या. मग त्यांनी आधीपासून करत असलेली गव्हाची बिअर न गाळता तशीच पिंपात भरून पाठवली. लोकांना ती आवडली आणि त्या वायव्य कोपऱ्यातून ती देशभर गेली.

जर्मनीत गव्हाच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. तो गव्हातून येत नाही, तिथल्या खास यीस्टमधून येतो. बेल्जियमची पांढरी बिअर कच्च्या, मोड न आणलेल्या गव्हाची असते आणि तिच्यात धने आणि संत्र्याची साल घालतात. विडमर बंधूंनी वापरलेलं यीस्ट सौम्य होतं, त्यामुळे पेल्यात गहूच पुढे आला: किंचित आंबट, हलका, ताज्या पावाच्या वासाचा. अमेरिकी गव्हाच्या बिअरची ओळख तीच झाली. एकूण धान्यात तीस ते पन्नास टक्के गहू आणि बाकी मोड आणून वाळवलेलं जव. गव्हाला मळणीनंतर टरफल राहत नाही. नुसता गहू शिजवून गाळायला गेलं तर त्याचा चिकट गोळा होऊन चाळणी बसते. जवाच्या टरफलामुळे रस मोकळा वाहतो.

हे सगळं ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आईने भिजत घातलेला कुरडईचा गहू येत होता. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं, चाळणीतून रस काढणं ही कामं मी स्वयंपाकघरात पाहिलेली होती. भाचीच्या गावाभोवतीचं विलामेट खोरं द्राक्षं, वाइन आणि हॉप्स यांसाठी नावाजलेलं आहे आणि त्याच राज्याच्या पूर्वेला गव्हाची मोठाली शेतं आहेत. द्राक्ष आणि गहू असे एका अंगणात नांदणारा आपल्याकडचा मुलूख म्हणजे नाशिक. म्हणून मी नाशिकला आले.

माझी शाळेतली मैत्रीण लग्नानंतर नाशिकची झाली. सकाळी तिने मला मिसळ खायला नेलं, कारण पाहुण्याला मिसळ न खिलवता शहर दाखवायला नेणं इथे कमीपणाचं मानतात. शहराबाहेर मळ्यात झाडाखाली टेबलं मांडलेली, शेजारी द्राक्षाचा मांडव. ताटात मटकी, वर शेव, वेगळ्या वाटीत काळसर रस्सा, दही, पापड, पाव आणि शेवटी जिलेबी. कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस येतात आणि कट लाल असतो. त्याचा झटका पहिल्या घासालाच बसतो. नाशिकचा काळा मसाला भाजलेल्या खोबऱ्याचा, कांद्याचा. त्याची धग सावकाश चढते. आमच्याकडे मिसळ उभ्याउभ्या खाऊन माणूस कामाला लागतो. इथे रविवारी सगळं घर मिसळीला येतं, आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत, आणि रस्सा संपला की वाढपी न विचारता वाटी भरतो.

गावात आल्यावर पंचवटीतून नदी ओलांडून जुन्या बाजारात शिरलो. रामकुंडावर क्रियाकर्माची गर्दी, पलीकडे भाजीवाल्या, त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या सायकली. नाशिकमध्ये बुधा हलवाईंची जिलेबी आणि कोंडाजींचा चिवडा घेतल्याशिवाय पाहुण्याला सोडत नाहीत. मैत्रिणीने मला दुकानाच्या आत डोकवायला सांगितलं. मैदा भिजवून आंबवलेला, वर बुडबुडे आलेले. फडक्यातून कढईत पडलेलं कडं फुगतं ते त्या आंबण्यामुळे, आणि पाकाच्या गोडीमागे जी बारीक आंबट चव लागते तीही त्याचीच. गहू दळला, भिजवला, झाकून ठेवला की हवेतले आणि पिठातले सूक्ष्म जीव आपलं काम सुरू करतात. हलवाई त्यांना एका रात्रीत थांबवतो, बिअर करणारा आपल्या यीस्टला आठवडाभर चरू देतो.

तिथून भांडी बाजार जवळच. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी हा एके काळी साऱ्या महाराष्ट्राच्या लग्नांचा आधार होता. रुखवतातली घागर, घंगाळ, समई, पाणी तापवायचा बंब, सारं इथून जायचं. अजूनही तांबटांच्या घरांतून ठोक्यांचा आवाज येतो. एक म्हातारे तांबट मोठ्या हंड्याचा काठ वळवत बसले होते. मी विचारलं, "काका, एवढा मोठा हंडा कुणाला लागतो आता?" त्यांनी हातोडी न थांबवता सांगितलं, "देवस्थानाला, लग्नाच्या स्वयंपाकाला, अन् आता हॉटेलवाल्यांना. तांब्याला आच लवकर कळते, ताई. खाली करपायच्या आधी भांडं सांगतं." युरोपातल्या जुन्या ब्रुअऱ्यांत धान्याचा रस उकळायला तांब्याच्याच कढया असत, आणि पोलादाच्या टाक्या आल्यावरही कित्येक ठिकाणी त्या कढईला 'कॉपर' म्हणण्याची पद्धत टिकली. जे काम तिथे यंत्रशाळेत गेलं ते इथे गल्लीत, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या हातात राहिलं आहे.

दुपारनंतर गंगापूर धरणाच्या रस्त्याने निघालो. राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या सुला या वायनरीची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली, आणि २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर केलं. त्यानंतर गंगापूर, दिंडोरी, सांजेगाव, विंचूर अशा गावांची नावं बाटल्यांवरून देशभर फिरू लागली. विंचूरला तर औद्योगिक महामंडळाचं वाइन पार्कच आहे. दिंडोरीला शँडन ही फ्रेंच कंपनी फसफसणारी वाइन करते, आणि त्याच तालुक्यात जवाच्या माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवापासून, व्हिस्कीही गाळली जाते.

वायनरीच्या सज्जातून खाली द्राक्षाच्या ओळी आणि त्यापलीकडे धरणाचं पाणी दिसत होतं. चव घेण्याच्या टेबलावर आमच्याबरोबर मालेगावकडचं एक शेतकरी कुटुंब होतं. सासरे फेट्यात, सून पदर सावरून उभी. माहिती सांगणारी मुलगी पेला कसा धरायचा, कसा फिरवायचा, नाक कसं आत घालायचं ते मराठीत समजावत होती. शेनिन ब्लाँचा पेला हुंगून सासरे म्हणाले, "पेरूचा वास आहे." मुलीने लगेच मान डोलावली, "बरोबर बाबा, तेच सांगणार होते." त्या टेबलावर फेटेवाल्या शेतकऱ्याचं नाक आणि पेल्याचं शास्त्र एका पातळीवर आलं. नाशिकच्या वाइनवाल्यांनी गेल्या पंचवीस वर्षांत ही मोठी गोष्ट केली आहे. द्राक्षाला वास असतो, जात असते, माती असते, त्याच्याबद्दल बोलता येतं, हे त्यांनी साध्या माणसाला सांगितलं. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळालं. हेच कौतुक याच जिल्ह्यातल्या गव्हाच्या वाट्याला का येऊ नये, हा प्रश्न मला त्या सज्जात पडला आणि पुढचा सारा प्रवास मी तो बरोबर घेऊन केला.

संध्याकाळी मैत्रिणीच्या घरी स्वयंपाकघरात बसलो. तिचा मुलगा पुण्याला शिकायला होता आणि तिथून बिअर करण्याच्या धान्यांची आवड घेऊन आला. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली. स्वतःची बिअर स्वतःच्या जागी करून विकणाऱ्या देशातल्या पहिल्या छोट्या ब्रुअऱ्यांपैकी ती एक, आणि ऑलिव्हर शॉफ या जर्मन ब्रूमास्टरने तिथे केलेल्या गव्हाच्या बिअरने अनेक मराठी तरुणांना ही चव लावली. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, १९४९ च्या दारूबंदी कायद्याने ते बंद आहे. म्हणून हा मुलगा आंबवण्याच्या अलीकडे थांबतो आणि तेच धान्य स्वयंपाकात आणतो.

त्याने गहू रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून, कोंब दाण्याएवढा झाल्यावर उन्हात वाळवले होते. मग मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजून जाडसर दळले. डबा उघडला तेव्हा बिस्किटांच्या कारखान्याबाहेर येतो तसा वास घरभर झाला. मोड येताना दाण्यात जी पाचकं तयार होतात ती पिठातल्या पिष्टाची साखर करतात. बिअर करणारे हे दळण साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात तेही एवढ्यासाठीच. त्याने भाजणीत या पिठाची मूठ मिसळून थालीपीठ लावलं. तव्यावर कडा नेहमीपेक्षा लवकर तांबूस झाल्या आणि गुळाचा खडा न घालता गोडी आली. दुसऱ्या तव्यावर दशम्या: दुधात भिजवलेल्या पिठात थोडं माल्ट घालून केलेल्या. मैत्रिणीने सांगितलं की त्या दोन दिवस मऊ राहतात.

मग लासलगावच्या कांद्याची भजी झाली. बेसन आणि तांदळाची पिठी भिजवायला त्याने पाण्याऐवजी थंडगार गव्हाची बिअर वापरली. बिअरमधला वायू पिठात अडकतो आणि तेलात पडल्यावर फुगून बाहेर पडतो, त्यामुळे कवच पातळ आणि कुरकुरीत होतं. मद्य बरंचसं उडून जातं. अमेरिकेत याच युक्तीने मासे तळतात. भाचीने मला तसे खिलवले होते, पण धने आणि ओवा घातलेल्या या भज्यांपुढे ते मला फिके वाटले. ज्या धन्यांसाठी बेल्जियमची बिअर जगभर नावाजली ते आमच्या मसाल्याच्या डब्यात रोज हाताला लागतात, आणि संत्र्याच्या सालीसाठी नागपूर आहे.

दुसऱ्या दिवशी निफाडकडे निघालो. ओझर, पिंपळगाव बसवंत मागे पडलं. द्राक्षाच्या बागांत तोडणी चालू होती, बायका कात्रीने घड कापून क्रेटमध्ये कागदावर हळुवार ठेवत होत्या. निफाड हे नाव साऱ्या महाराष्ट्राला थंडीमुळे ठाऊक आहे. डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रांत राज्यातल्या नीचांकी तापमानाची जी बातमी येते, तिचा आकडा अनेकदा निफाडजवळच्या कुंदेवाडीचा असतो. तिथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं गहू संशोधन केंद्र आहे आणि पारा तिथेच मोजला जातो. द्राक्षबागायतदाराला त्या थंडीची धास्ती असते, कारण मणी तडकतात. गव्हाला मात्र ती हवीच असते. थंडी जितकी टिकते तितके फुटवे जोमदार आणि दाणा भरलेला.

कुंदेवाडीत तयार झालेल्या वाणांची नावं ऐकली तेव्हा मला भरून आलं. त्र्यंबक, तपोवन, पंचवटी, गोदावरी, नेत्रावती. तांबेऱ्याला तोंड देणारा, कमी पाण्यात येणारा, पोळीला चांगला, शेवयांना चांगला, असा एकेक गुण पारखून वर्षानुवर्षं निवड करायची आणि शेवटी त्या दाण्याला आपल्या तीर्थाचं नाव द्यायचं. पंचवटी आणि गोदावरी हे बन्सी जातीचे, कडक दाण्याचे. शेवया, रवा आणि कुरडया यांना योग्य. त्र्यंबक आणि तपोवन पोळीचे. यात्रेकरू नाशिकला येऊन ज्या जागांना हात जोडतात त्यांची नावं इथल्या शेतकऱ्याच्या बियाण्याच्या पोत्यावर आहेत. वाइनच्या बाटलीवर द्राक्षाची जात ठळक छापलेली असते. किराणा दुकानातल्या गव्हाच्या पोत्यावर 'लोकवन' किंवा 'शरबती' यापलीकडे काही विचारायची आपल्याला सवय नाही.

मैत्रिणीच्या सासूबाई निफाडजवळच्या वस्तीवर राहतात. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात चूल पेटलेली होती आणि शेजारच्या चौघी-पाचजणी जमल्या होत्या. आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे, अशी कुरडयांची पाळी लावलेली असते. सासूबाईंनी मला पाहताच हात धरून ओट्यावर नेलं आणि झाकलेल्या पातेल्यावरचं ताट काढलं. "वास घे आधी," त्या म्हणाल्या. "आंबूस आला ना? मंग तयार आहे. वास नाही आला तर कुरडई फुलत नाही, अन् जास्ती झाला तर काळी पडते."

गहू तीन दिवस भिजलेला होता, पाणी रोज बदललेलं. चौथ्या दिवशी वाटून, हाताने चोळून, फडक्यातून गाळून जे दूध निघतं ते रात्रभर स्थिर ठेवतात. सकाळी वरचं पाणी ओतून दिलं की तळाशी घट्ट, पांढराशुभ्र चीक राहतो. त्या तीन दिवसांत आम्ल तयार करणारे जिवाणू गव्हावर काम करतात, दाणा सैल होतो, पिष्ट आणि चिवट भाग वेगळे पडतात. विडमर बंधूंच्या टाकीत जे घडतं त्याच्याशी याचं जवळचं नातं आहे. फरक इतकाच की तिथे यीस्टला साखर मिळते आणि मद्य होतं; इथे मोड येण्याआधीच गहू वाटला जातो, म्हणून आंबटपणावर थांबतं.

चुलीवर आधणाला उकळी आली होती. मीठ आणि हिंग घालून एकीने चिकाची धार सोडली, दुसरीने लांब दांड्याच्या लाकडी कवच्याने घोटायला सुरुवात केली. दोघींना बोलावं लागत नव्हतं; एक धार बारीक करायची, दुसरी हात वाढवायची. चीक पांढऱ्याचा पारदर्शक, तुकतुकीत झाला तेव्हा सासूबाईंनी ओलं बोट लावून पाहिलं आणि "उतरवा" म्हणाल्या. त्यांच्याकडे तापमापक नाही. त्यांना ते बोट पुरतं.

पहिला मान मुलांचा. वाटीत गरम चीक, त्यावर कच्चं तेल आणि थोडं तिखट, लहानांना तूप-साखर. आमच्याकडे कोल्हापूर-निपाणीच्या पट्ट्यात गव्हाचा उत्सव खपलीच्या खिरीत असतो. हुग्गी म्हणतो आम्ही तिला, गूळ-खोबरं घालून तासन्‌तास शिजवलेली, दाणा अख्खा. निफाडला दाण्याचं रूप पार मोडून त्याचा अर्क खातात. मी तेलाची वाटी घेतली. मऊ, किंचित आंबट, मागून हिंगाची चव. पोर्टलंडच्या पेल्यातला गव्हाचा वास मला तिथे, निफाडच्या अंगणात, पुन्हा मिळाला.

सोऱ्यातून कुरडया पडायला लागल्या, खाटेवरच्या धुतलेल्या साडीवर ओळीने. मी विचारलं, "आई, फडक्यात राहिलेल्या चोथ्याचं काय करता?" त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं. "टाकायचा कशाला? भुसवड्या घालायच्या." चोथ्यात लसूण, मिरची, तीळ, मीठ घालून त्याच्या छोट्या वड्या वाळवतात आणि पावसाळ्यात भाजून किंवा तळून खिचडीबरोबर खातात. उरलेलं गाईच्या घमेल्यात. अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअऱ्यांत रस काढून झालेल्या धान्याचा मोठा ढीग उरतो. तो त्या गोठ्यांना देतात, आणि अलीकडे त्याचं पीठ करून पाव, बिस्किटं भाजतात. काही वाया न घालवण्याचा हा विचार तिथे नवा म्हणून मिरवला जातो, त्याचं मला कौतुकच आहे. पण निफाडच्या या अंगणात त्याचं नाव भुसवडी आहे आणि तो विचार कुणी शिकवावा लागला नाही.

दुपारी नांदूर मध्यमेश्वरला गेलो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे पसरलेल्या या पाणथळीला २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ होण्याचा मान मिळाला. पाण्याच्या कडेला पिकलेला गहू, त्याच्यावर उतरणारे पक्षी, लांबवर उसाचं हिरवं. परतणारा एक शेतकरी खांद्यावरचं विळा-फडकं सावरत म्हणाला, "पाहुण्या पाखरांनी दोन ओंब्या खाल्ल्या तर खाऊ द्या. एवढ्या लांबून येत्यात बिचारे." इथल्या माणसाच्या बोलण्यात ही सोशीक सवलत फार वेळा ऐकू येते.

शेवटचा टप्पा पश्चिमेचा. त्र्यंबक ओलांडून हरसूल आणि पेठच्या बाजूला गेलं की द्राक्ष संपतं, गहू संपतो, डोंगरउतारावर नागली आणि भाताची खाचरं लागतात. कोकणा, वारली, महादेव कोळी यांची ही वस्ती. मोहाची झाडं पानं गाळून उभी होती आणि पहाटे पडलेली फुलं बाया-मुलं टोपल्यांत वेचत होती. एका घरी दाराशी फडक्यात नागली बांधून टांगलेली होती. तिला पांढरे कोंब फुटले होते. "लेकीच्या पोरासाठी," आजीने सांगितलं. वाळवून, दळून, गाळून त्याचं सत्त्व करायचं आणि बाळाला पेज द्यायची.

मोड आणलेल्या धान्याची पेज पातळ राहते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त धान्य मावतं आणि बाळाच्या पोटात जास्त बळ जातं. बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मोड आणलेल्या धान्याच्या या गुणावर काम केलं आणि कुपोषणावरच्या चर्चेत त्याला स्थान मिळवून दिलं. ब्रूमास्टर ज्याला माल्ट म्हणतो तेच हे. तिथे त्याचा पेला होतो, इथे बाळाचा पहिला घास.

आजीने आम्हाला मोहाची भाजलेली फुलं तिळाबरोबर कुटून दिली. गोड, धुरकट, मनुक्यांहून गडद. मोहाची दारू इथे देवाची आणि पितरांची आहे. पहिली धार जमिनीवर सोडल्याशिवाय कुणी घेत नाही, असं आजोबा सांगत होते. इंग्रजांच्या काळात १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती गाळणीवर टाच आली, आणि १८९२ च्या मोहा कायद्याने ठाण्याच्या बाजूला तर फुलं बाळगण्यावरही बंधन आलं. सरकारच्या महसुलासाठी झाडाखालचं फूलसुद्धा मोजलं गेलं.

अमेरिकेनेही १९२० ते १९३३ अशी दारूबंदी पाहिली. ती उठल्यावर घरी वाइन करायला मुभा मिळाली, पण घरच्या बिअरवरचं बंधन राहिलं. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ते उठवणाऱ्या कायद्यावर सही केली, तेव्हा त्या देशात शंभराच्या आत ब्रुअऱ्या उरल्या होत्या. आज नऊ हजारांच्या वर आहेत, आणि त्यांतल्या कित्येक कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या पातेल्यातून सुरू झाल्या. या आकड्यांमागचं कारण मला महत्त्वाचं वाटतं: घरातल्या माणसाच्या हाताला पुन्हा प्रयोग करता आला, शेजाऱ्याला चाखायला देता आलं, आणि ज्ञान घराबाहेर पडलं.

आपण तो कायदा जसाच्या तसा उचलावा असं मी म्हणणार नाही. दारूने उद्ध्वस्त केलेली घरं मी माझ्या गावात पाहिली आहेत, आणि बाटली आडवी करायला उभ्या राहिलेल्या महाराष्ट्रातल्या बायांचा मला अभिमान आहे. पण धान्य आंबवण्याची विद्या आणि दारूचं व्यसन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ती विद्या या प्रवासात मला जिलेबीच्या पिठात, निफाडच्या चिकात, पेठच्या नागलीत भेटली. तिच्या सांभाळणाऱ्या बहुतेक साऱ्या बाया होत्या आणि त्यांतल्या एकीलाही आपण काही विशेष करतो असं वाटत नव्हतं. निफाडच्या अंगणात कुरडया घालणाऱ्यांत चाळिशीच्या आतली एकच सून होती. बाकीच्या सुना नोकरीला आहेत, आणि ते योग्यच आहे. पण मग ते ओलं बोट कुणाकडे जाणार?

माझं मत असं झालं आहे. नाशिकने द्राक्षाला जो मान दिला तो गव्हाला द्यावा. परवान्याने गव्हाची बिअर करणाऱ्यांनी निफाडचा गहू वापरून पाहावा आणि वाणाचं नाव बाटलीवर छापावं. वायनरीच्या ताटात परदेशी चीजशेजारी कुरडई आणि भुसवडी वाढली जावी, आणि ती कुणाच्या हातची आहे हे चव सांगणाऱ्या मुलीने सांगावं. बचत गटांच्या पाकिटांवर 'गव्हाची कुरडई' एवढंच न लिहिता पंचवटी की गोदावरी, किती दिवस भिजवलेली, हे लिहावं. यातलं काहीही अवघड नाही आणि कशालाच फार पैसा लागत नाही.

आणि वाचकहो, नाशिकला जाल तेव्हा देवदर्शन करा, वाइन चाखा, मिसळ खा. पण फाल्गुन-चैत्रात जा आणि निफाडच्या बाजूला कुणाच्या अंगणात सोऱ्या चालू दिसला तर थांबा, गरम चीक मागून खा. कुणी नाही म्हणणार नाही. निघताना तो कसा करतात हे विचारून घ्या, घरी आल्यावर एकदा तरी गहू भिजत घाला, आणि घरातल्या मुलामुलींना पातेल्यावरचं झाकण काढून तो वास घ्यायला लावा.